पेन्शन ही मेहेरबानी नव्हे!
सरकारी सेवानिवृत्तांच्या एकजुटीची कहाणी

वाचकहो, तुमच्या गावात पेन्शन घेणारी माणसे किती आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? वरच्या आळीचे गुरुजी, पोस्टातून निवृत्त झालेले नाना, फौजेतून परत आलेले सुभेदार, पाटबंधारे खात्यातले पाटकरी, जुने तलाठी भाऊसाहेब. शिवाय एखाद्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली एक आजी, जिचे मालक रेल्वेत होते. दहापाच नावे सहज निघतील.

पाऊस हुकतो, कांद्याचा भाव पडतो, कारखान्याकडे उसाचे बिल अडकते. पण गुरुजींची पेन्शन त्या त्या महिन्याला बँकेत जमा होते. नातवाची फी त्यातून जाते, सुनेचे बाळंतपण त्यातून निघते आणि अडीनडीला बियाण्याची पिशवीही त्यातूनच येते. शेतकऱ्याच्या घरात आभाळाकडे न पाहता येणारा पैसा तो हाच.

आता एक प्रश्न विचारतो. हा पैसा सरकारने आपण होऊन, म्हाताऱ्यांची दया येऊन दिला असे तुम्हाला वाटते का? तसे वाटत असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. या पैशामागे पांढऱ्या केसांच्या माणसांनी एकत्र येऊन केलेली मोठी खटपट आहे. ना मोर्चाची ताकद, ना संपाचे हत्यार, अशा माणसांनी ती केली.

निवृत्त माणसाच्या हाती काय असते?

जरा विचार करा. कामावरचा कामगार काम बंद करू शकतो. गवळी दूध रोखू शकतो, शेतकरी माल बाजारात न नेण्याचे ठरवू शकतो. पण निवृत्त माणूस काय रोखणार? काल कचेरीत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता, त्यालाच आज त्या कचेरीच्या दारात बाकावर बसावे लागते. शिपाईसुद्धा नवा आलेला, ओळख देत नाही. गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसते, आणि अर्जाचे उत्तर येईपर्यंत आपण असू की नाही, याचीही खात्री नसते.

इंग्रजांच्या अमलात पेन्शनचा कायदा झाला तो 1871 साली. एक गोष्ट त्यात चांगली होती, आणि ती आजही आहे. केलेल्या नोकरीबद्दल सरकारने दिलेली पेन्शन सावकाराला किंवा घेणेकऱ्याला कोर्टाकडून जप्त करवून घेता येत नाही. पण त्याच कायद्याने पेन्शनच्या तक्रारीसाठी दिवाणी कोर्टाचा रस्ताही जवळजवळ बंद करून टाकला होता. त्यामागचा विचार उघड होता. पेन्शन म्हणजे सरकारची कृपा, आणि कृपेचा जाब विचारायचा नसतो.

स्वराज्य आले तरी हा विचार एकदम गेला नाही. पण माणसे एकत्र येऊ लागली. निवृत्त माणसे संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात किंवा वाचनालयात बसतात, तब्येतीच्या गोष्टी निघतात, मग पेन्शनच्या निघतात. अशा बैठकींतूनच गावोगावी पेन्शनरांची मंडळे उभी राहिली. पुढे 1955 साली दिल्लीत भारत पेन्शनर्स समाज ही संस्था सुरू झाली आणि निरनिराळ्या ठिकाणच्या संघटनांना जोडणारा एक धागा मिळाला.

1971 साली सुप्रीम कोर्टाने बिहारमधल्या देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिशी नाही. नियमाप्रमाणे नोकरी केलेल्या माणसाचा तो हक्क आहे. पाया घातला गेला, पण भिंत अजून उभी राहायची होती.

एका तारखेने पाडलेली फूट

ती वेळ आणली एका सरकारी हुकमाने. 25 मे 1979 रोजी केंद्र सरकारने आपल्या नोकरांची पेन्शन ठरवण्याची रीत सुधारली. आधी शेवटच्या 36 महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती आता 10 महिन्यांची धरायची ठरली. पूर्ण नोकरी झालेल्याला सरासरीच्या पहिल्या हजार रुपयांवर निम्मी पेन्शन, पुढच्या पाचशेवर 45 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 40 टक्के, असा नवा हिशेब आला. पेन्शनची कमाल मर्यादाही वाढली.

तुम्ही म्हणाल, मग बिघडले कुठे? बिघडले ते अटीत. हा फायदा 31 मार्च 1979 रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच मिळणार होता.

आता असे समजा, एकाच कचेरीत दोन कारकून आहेत. एकाच वर्षी लागले, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले, पगारही सारखाच. एक 28 फेब्रुवारी 1979 ला निवृत्त झाला, दुसरा 31 मार्चला. पगार दरसाल वाढत आलेला, शेवटच्या तीन वर्षांत 720, 760 आणि 800 रुपये असा. पहिल्याची 36 महिन्यांची सरासरी 760 रुपये, दुसऱ्याची 10 महिन्यांची 800 रुपये. शिवाय वाढीव दराचा फायदा दुसऱ्यालाच. मध्ये अंतर फक्त एका महिन्याचे, पण पेन्शनमधला फरक जन्मभराचा. महागाई दोघांना सारखीच भेटते. बाजारात डाळ विकणारा काही निवृत्तीची तारीख विचारून भाव लावत नाही.

आणि जे दहा-पंधरा वर्षांपूर्वी, कमी पगारावर निवृत्त झाले होते, त्यांची दशा तर आणखी वाईट. ज्यांना मदतीची गरज जास्त, तेच नेमके बाहेर राहिले. सैन्यदलांतल्या निवृत्तांसाठीही सरकारने अशाच तारखेचा वेगळा हुकूम काढला होता.

एकट्याचा अर्ज आणि दहांची हाक

डी. एस. नकारा हे संरक्षण मंत्रालयात वित्तीय सल्लागार होते, 1972 साली निवृत्त झालेले. त्यांनी ठरवले की हा अन्याय सुप्रीम कोर्टापुढे मांडायचा. त्यांच्या पाठीशी एक संस्था उभी राहिली. तिचे नाव कॉमन कॉज, म्हणजे सर्वांचे समाईक काम. ही संस्था 1980 साली एच. डी. शौरी यांनी काढली. शौरी हे स्वतः सरकारी सेवेत मोठ्या जागांवर काम करून निवृत्त झालेले. हयातभर सरकारी कागद पाहिलेला माणूस, त्यामुळे कागदाला कागदानेच उत्तर द्यायचे, ही रीत त्यांना चांगली ठाऊक होती.

खटल्यात सरकारच्या वतीने एक हरकत अशी घेतली गेली की, ही संस्था काही स्वतः पेन्शन घेत नाही, मग तिला कोर्टात येण्याचा अधिकार काय? कोर्टाने ही हरकत मानली नाही. देशभर विखुरलेल्या, थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना एकेकट्याने महागडी कोर्टाची पायरी चढणे शक्य नसते. त्यांच्यासाठी कोणी संस्था पुढे आली, तर तिचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा कोर्टाचा आशय होता. वाचकहो, या साऱ्या हकिगतीत मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच. एकटा म्हातारा अर्ज करतो तेव्हा तो अर्ज असतो. दहा जण मिळून करतात तेव्हा ती हाक होते.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे खटला चालला. अध्यक्ष होते आपल्या पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. तारीख होती 17 डिसेंबर 1982.

कोर्टाने सांगितले ते थोडक्यात असे. पेन्शन ही भीक नाही आणि मालकाची मर्जीही नाही. माणसाने उमेदीची वर्षे राबून जे काम केले, त्याचाच तो मोबदला आहे, आणि म्हातारपणी त्याला मानाने जगता यावे म्हणून समाजाने घेतलेली ती जबाबदारीही आहे. पेन्शनर हा एक वर्ग आहे. मनाला येईल ती तारीख धरून त्याचे दोन तुकडे करणे हे राज्यघटनेच्या 14 व्या कलमातल्या समानतेला धरून नाही. म्हणून ती तारखेची अट कोर्टाने खोडली आणि नव्या रीतीचा फायदा आधी निवृत्त झालेल्यांनाही द्यायला लावला. मात्र त्या ठरलेल्या तारखेच्या आधीची थकबाकी मागता येणार नाही, हेही सांगितले. हा निकाल केंद्राच्या नोकरांचा होता, पण पुढे राज्याराज्यांतल्या निवृत्तांनी आपापल्या मागण्यांसाठी त्याचाच आधार घेतला.

तेव्हापासून 17 डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या वेळी गावातले गुरुजी त्या दिवशी स्वच्छ धोतर-टोपी घालून तालुक्याला निघालेले दिसले, तर समजा की ते सभेला चालले आहेत.

मागे राहिलेल्या बायकांचे काय?

सूनबाई, हा भाग तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे ओसरीवरच्या आजींनाही ऐकू येईल.

पूर्वी पेन्शनर गेला की त्याच्याबरोबर पेन्शनही गेली, अशीच बहुतेकांची गत होती. केंद्र सरकारने कुटुंब निवृत्तिवेतनाची नवी योजना 1 जानेवारी 1964 पासून सुरू केली, पण त्यासाठी नोकराला आपल्या ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम सोडावी लागे. त्या तारखेआधीच निवृत्त झालेल्यांच्या बायका मात्र बाहेरच राहिल्या. 22 सप्टेंबर 1977 रोजी रक्कम सोडण्याची अट सरकारने काढून टाकली, तरी आधीच्या विधवांची झोळी रिकामीच.

अखेर पूनामल नावाच्या एका बाईंच्या नावाने खटला उभा राहिला. 1985 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने या वगळलेल्या विधवांनाही 22 सप्टेंबर 1977 पासून कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. नवऱ्याने नोकरी केली तेव्हा घर, गुरे आणि पोरे सांभाळून बाईनेही अर्धी नोकरी केलेलीच असते. तो वाटा इतक्या वर्षांनी तिच्या पदरात पडला.

आणखी एक गोष्ट. निवृत्त होताना मुलीचे लग्न किंवा घराचे काम निघाले की पुष्कळ जण पेन्शनचा काही भाग विकतात, म्हणजे पुढची रक्कम आगाऊ एकदम घेतात. पूर्वी विकलेला भाग जन्मभर कापला जाई. माणूस नव्वद वर्षांचा झाला तरी कपात चालूच. सरकारची रक्कम तर केव्हाच वसूल झालेली असे. कॉमन कॉजने यावरही दाद मागितली, आणि 1986 साली सुप्रीम कोर्टाने पंधरा वर्षांनी ती कपात थांबवून पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू करण्याचा निर्णय दिला.

या खटाटोपाचा परिणाम कारभारावरही झाला. 1985 साली केंद्रात निवृत्तिवेतनधारकांसाठी स्वतंत्र खाते निघाले, आणि 1986 पासून एका स्थायी समितीत पेन्शनरांच्या संघटनांना सरकारच्या समोर बसून आपली गाऱ्हाणी मांडता येऊ लागली. दारातल्या बाकावर बसणाऱ्याला आत खुर्ची मिळाली.

कोर्टाबाहेरचे काम

पण वाचकहो, संघटना म्हणजे केवळ खटले आणि ठराव नव्हेत. तालुक्याच्या गावी पेन्शनरांची बैठक भरते तिथे एकदा जाऊन पाहा. चहाच्या कपाबरोबर कामे कशी होतात ते कळेल.

पंच्याहत्तरी गाठलेल्याला शाल-श्रीफळ दिले जाते. गेल्या महिन्यात जो गेला, त्याच्यासाठी दोन मिनिटे उभे राहतात, आणि मग लगेच कोणीतरी विचारतो, “त्यांच्या घरी कागद भरायला कोण जाणार?” हा प्रश्न त्या सभेतला सर्वांत मोठा ठराव असतो. कारण दुःखात बुडालेल्या, कधी बँकेची पायरी न चढलेल्या बाईला मृत्यूचा दाखला, पेन्शनचे आदेशपत्र आणि खातेपुस्तक घेऊन कुठे जायचे, हे कोण सांगणार? जुना हेडक्लार्क सांगतो. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद अडवलेही असतील. आता तो ते सोडवतो!

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची घाई उडते. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावे लागते, याचे कोणाला हसू येते, कोणाला वाईट वाटते. 2014 पासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावर संगणकातून देण्याची सोय झाली. पुढे मोबाइलवर चेहरा दाखवून देण्याचीही झाली, आणि पोस्टमन घरी येऊनही तो करून देऊ लागला. तरी नांगर-खुरपे धरून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्या, त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. अशा वेळी मंडळातला कोणी जाणता सोबत असला की काम सोपे होते.

आणि शेवटचे काम म्हणजे नुसती सोबत. मुले शहरात, बायको देवाघरी, अशा माणसाला महिन्यातून एकदा कोणीतरी नावाने हाक मारतो, “का हो, मागच्या बैठकीला दिसला नाहीत?” औषधाच्या कुठल्याही पुडीत हे मिळत नाही.

लढाई संपलेली नाही

आता तरुण मंडळींनी ऐकावे असे थोडे. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून आणि आपल्या महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. तिच्या जागी पगारातून कापलेल्या पैशावर आणि बाजारावर अवलंबून असलेली योजना आली. जुनी पेन्शन मिळावी म्हणून मार्च 2023 मध्ये राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, तो तुम्हाला आठवत असेल. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून आपल्या नोकरांसाठी एकीकृत पेन्शन योजना आणली. तीत पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे.

त्याच वर्षी, मार्च 2025 मध्ये, केंद्राच्या वित्त कायद्यात पेन्शनच्या नियमांसंबंधी एक भाग घातला गेला. पेन्शनरांमध्ये भेद करण्याचा, निवृत्तीच्या तारखेवरूनही तो करण्याचा, अधिकार सरकारला आहे, असे त्यात म्हटले आहे. चालू पेन्शनमध्ये यामुळे बदल होत नाही, असे सरकारने सांगितले. तरी पेन्शनर संघटनांना काळजी वाटली, आणि का वाटू नये? 1982 साली जी तारखेची भिंत पाडली, तिच्याच विटा पुन्हा रचल्या जाताहेत की काय, ही ती काळजी आहे.

कोणी शेतकरी म्हणेल, “हे सारे सरकारी नोकरांचे झाले, आम्ही जन्मभर मातीत राबतो, आमच्या म्हातारपणाचे काय?” प्रश्न रास्त आहे. लहान शेतकऱ्यांसाठी 2019 साली किसान मानधन योजना निघाली. अठरा ते चाळीस वयात नाव नोंदवून दरमहा हप्ता भरला, तर साठीनंतर महिना तीन हजार रुपये मिळावेत अशी ती योजना. गुरुजींच्या पेन्शनपुढे ही रक्कम फार लहान आहे. पण पेन्शनरांच्या कहाणीतला धडा आपल्यालाही घेता येतो. म्हातारपणाची भाकरी ही दया नसून राबलेल्या हाताचा हक्क आहे, हे मान्य करून घ्यायला देखील आधी एकत्र यावे लागते. गाव करी ते राव न करी, हे आपल्या वाडवडिलांनी उगीच म्हटलेले नाही.

घरात एवढे करून ठेवा

लेख मिटण्यापूर्वी चार गोष्टी सांगतो. घरात पेन्शनर असेल तर या आठवड्यातच पाहून घ्या.

पहिली, पेन्शनचे आदेशपत्र कुठे ठेवले आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या; ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांखाली नको. दुसरी, त्यावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते पाहा. कागदावर ‘लक्ष्मीबाई’ आणि आधार कार्डावर ‘लखूबाई’ असेल, तर ते मालक हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. तिसरी, बँकेतले खाते नवरा-बायकोचे मिळून असलेले बरे. चौथी, तालुक्याच्या पेन्शनर मंडळाची वर्गणी भरा आणि आजींनाही एकदा त्या बैठकीला घेऊन जा. उद्या गरज पडली तर तिथली माणसे त्यांच्या ओळखीची असतील.

आणि पुढच्या महिन्यात गुरुजी पेन्शन आणायला निघाले, तर “काय गुरुजी, सरकारची कृपा आणायला का?” अशी थट्टा करू नका. केली, तर ते थांबून तुम्हाला 17 डिसेंबर 1982 ची गोष्ट पहिल्यापासून सांगतील. तीही ऐकण्यासारखी असेल म्हणा!